पांढरं दिसलं की थांबायचं

सखाराम भालेराव माझ्या खोलीत पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून हातातल्या काठीनं त्यांनी दाराजवळची फरशी दोनदा ठोकली, मान वाकडी करून आवाज ऐकला आणि म्हणाले, "पोकळ हाय."

मला वाटलं, माझ्याविषयीच बोलतायत. पुढं जे घडलं ते पाहता, तसं असतं तरी काही चूक नव्हती.

मी खाटेवर पालथा पडलो होतो. शिरूरहून दौंडच्या हायस्कुलात मास्तर म्हणून येऊन मला जेमतेम महिना झाला होता. त्या सकाळी मोरीत तोंडाला साबण लावून, डोळे मिटून, गॅदरिंगच्या भाषणाची तालीम करत होतो. "बंधू-भगिनींनो" म्हणून हात उंचावला आणि थेट माकडहाडावर बसलो. तो आवाज शेजारच्या कुसुमवहिनींनी ऐकला आणि त्यांनी डॉक्टरला नाही, भालेरावांना निरोप धाडला. रेल्वे कॉलनीच्या मागच्या आमच्या गल्लीत पद्धतच तशी होती. माणूस पडला की आधी भालेराव, मग डॉक्टर.

"कवा पडला?"

"सकाळी पडलो."

"तुम्ही न्हाई पडला, गुरुजी. माणूस पडत नसतो. जागा पाडती त्याला. जागा कुठली त्ये दावा."

मी पालथ्यानंच मोरीकडे बोट केलं. ते आत गेले, गुडघे टेकून बसले, तळहात फरशीवरून फिरवला, बोटं हुंगली. बाहेर येऊन त्यांनी मोरीसमोरचं पायपुसणं दोन बोटांत धरून उचललं. आईनं जुन्या लुगड्याचं विणलेलं, मधोमध मोर.

"ह्ये काय?"

"पायपुसणं. आईनं केलंय."

"मोर ग्वाड हाय. भितीला लावा."

आणि त्यांनी स्वतःच ते खुंटीला टांगलं. मी त्या खोलीत होतो तोवर तो मोर भिंतीवरच राहिला आणि मी ओले पाय पँटीला पुसत राहिलो.

सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. मामा रेल्वेत चावीवाले होते. रूळ स्लीपरला, म्हणजे खालच्या आडव्या लाकडांना, घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाड्यांच्या हादऱ्यानं ढिल्या होतात. चावीवाल्यानं रोज पहाटे खांद्यावर हातोडा टाकून आपल्या वाट्याची लाईन, म्हणजे त्याची बीट, पायी चालायची. एकेक चावी बघायची, ढिली असेल ती ठोकून बसवायची. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. त्यांच्या बीटवर गाडी कधी घसरली नाही. हे ते स्वतः कधी सांगत नसत. दुसऱ्या कुणी सांगितलं तर म्हणत, "घसरली न्हाई म्हंजी काय केलं म्या? घसरली आसती तर नाव झालं आसतं."

रिटायर झाल्यावर त्यांनी हातोडा परत केला, पण बीट सोडली नाही. फक्त बदलली. आमच्या गल्लीत बहुतेक घरं रेल्वेतून रिटायर झालेल्यांची. साठीच्या पुढची अकरा माणसं होती. त्या अकरा जणांची खाटेपासून मोरीपर्यंत, मोरीपासून चुलीपर्यंत आणि ओट्यावरून गल्लीत उतरायची अशी जी काही वाट असेल, ती मामांची लाईन. रोज सकाळी एक फेरी. हलणारी फरशी दिसली की खाली वाळू सारून बसवायची. उंबऱ्याचा खिळा वर आला असेल तर ठोकायचा. वाटेतली बादली, पाट, उखळ, झोपलेलं मांजर बाजूला करायचं.

त्यांचं चालणंही लाईनीवरचंच राहिलं होतं. पाऊल एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर पडतं त्या मापाचं. ना लहान, ना मोठं. त्यांच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे मला दर चार पावलांमागे अर्धं पाऊल मध्ये घालावं लागे. नजर कायम खाली. माणसं ते तोंडावरून नाही, पायांवरून ओळखत. एकदा मी शाळेतल्या पाटील सरांच्या चपला चुकून घालून आलो, तर माझी हाक ऐकून मामा म्हणाले, "जयभीम, पाटील सर! आज आवाज का बसलाय?" मी बोललो तरी त्यांचा माझ्या आवाजापेक्षा चपलांवर जास्त विश्वास. मीही पाटील सरांच्या घशाची दोन मिनिटं काळजी वाहिली आणि पुढं निघालो.

त्यांचा आवडता शब्द होता 'काशन'. लाईन जिथं कच्ची असते तिथं गाडी हळू न्यायचा लेखी हुकूम ड्रायव्हरला देतात, त्याला रेल्वेची माणसं काशन म्हणतात. मामा म्हाताऱ्या माणसांना तोंडी काशन देत. "पाटलीणबाई, तुम्हाला मोरी ते चूल धाचं काशन." म्हणजे दहाच्या वेगानं जा. कुणाला गुडघेदुखी वाढली की पाचचं. पाटलीणबाई पदर तोंडाला लावून हसत, पण हळू चालत.

"आन् मला रं?" आतून आवाज यायचा. "मला तर तू यार्डातच लावून ठिवलीयास!"

तो आवाज आक्काचा. मामांची थोरली बहीण. मामा नऊ वर्षांचे असताना त्यांची आई चाऱ्याचा भारा घेऊन ओढ्याच्या दगडावरून घसरली ती पुन्हा उठलीच नाही. आक्का तेव्हा बारा-तेराची. तिनं भावाला हातावर वाढवलं. नंतर तिचं लग्न झालं, नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. इकडे मामांची बायकोही गेली. तेव्हा मामा स्वतः जाऊन आक्काला दौंडला घेऊन आले. दोघं भांडायची फार. भाकरी जाड झाली इथपासून बाबासाहेबांच्या तसबिरीचा हार कुणी बदलायचा इथपर्यंत. पण ती न्हाणीत गेली की मामा बाहेर उभे. आत पाण्याचा आवाज थांबला की विचारणार, "आक्का, बसलीयास का हुबी?"

"नाचतीया!" आक्का आतून म्हणायची.

आक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजेड, अंधार आणि गडद रंगावर पांढरं, एवढंच तिला कळे. शिरूरला डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर भरणार होतं. मी शिरूरचा म्हणून मामांनी मला कामाला लावलं आणि मी तिथं जाऊन आक्काचं नाव घातलं. त्या दिवसापासून मामांचं एकच चाललं होतं. शिबिरापर्यंत आक्का तिच्या पायावर उभी राहिली पाहिजे. आधी पडली, हाड मोडलं, तर डोळे कोण उघडणार तिचे?

"दिसाया लागलं म्हंजी म्या सुटलो," मामा म्हणत. "मग तिची बीट तिची ती बघंल."

गल्लीतल्या अकरापैकी दहा जण मामांचं ऐकत. अकरावे फर्नांडिस साहेब. मेलगाडीचे ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, सहा फुटी, रोज इस्त्रीची पँट. व्हरांड्याच्या पायरीवरून ते असे उतरत की जणू दोन मिनिटं लेट आहेत. तीन महिन्यांत दोनदा पडले होते. मामांनी काशन दिलं तर चिडले. "भालेराव, हम चालीस साल गाडी चलाया. तुम हमको चलना सिखाएगा?"

दुसऱ्या दिवशी मामांनी पायरीच्या कडेला एक बांबू रोवला आणि त्याला लाल फडकं बांधलं. साहेब सवयीप्रमाणे तरातरा आले आणि लाल दिसताच एक पाय हवेत असताना जागच्या जागी थांबले. समोर मी चहाचा कप घेऊन उभा होतो, म्हणून सांगतो. ते कितीतरी वेळ आपल्याच पायाकडे बघत राहिले. मग इकडे तिकडे पाहून अगदी हळू उतरले आणि मला म्हणाले, "मास्टर, ब्रेक हमने नहीं मारा. साला पैर ने मारा."

मामांना हे सांगितलं तर त्यांना हसू आलं नाही. "बराबर हाय. डोक्याला सांगून उपेग नसतो. पायाला सांगावं लागतं."

मग एकाहत्तर साली डोळ्यांची साथ आली.

वर्तमानपत्रं तेव्हा पूर्व बंगालमधल्या निर्वासितांच्या बातम्यांनी भरलेली असत, त्यामुळे लोक साथीलाच 'जय बांगला' म्हणू लागले. आठ दिवसांत अर्धं दौंड लाल डोळ्यांनी हिंडू लागलं. शाळा बंद झाल्या. गल्लीत पहिला मान माझा. मी काळा चष्मा आणला, आरशात बराच वेळ स्वतःला पाहिलं आणि त्याच ऐटीत बाहेर पडून टपालाच्या लाल पेटीला हेडमास्तरीण समजून नमस्कार केला. चार-पाच दिवसांत मी बरा झालो. पण म्हाताऱ्यांचे हाल वेगळे होते. सकाळी पापण्या चिकटलेल्या, डोळे सुजून फटीएवढे झालेले. त्यात डॉक्टरांनी सांगितलेलं की कुणाला हात लावू नका, हाताला हात लागला की साथ पसरते. म्हणजे ज्यांना धरल्याशिवाय चालता येत नव्हतं, त्यांना धरायचं नाही. सुनांनी सासूचं पाणी दाराशी ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. पहिल्या आठवड्यातच गल्लीत तीन माणसं पडली. एकाचं मनगट गेलं.

मामांनी दोन दिवस विचार केला. मग चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन निघाले. प्रत्येक उंबऱ्याच्या, पायरीच्या, ओट्याच्या कडेवर त्यांनी चार बोटं रुंद पांढरा पट्टा ओढला. सुजल्या डोळ्यांना काही दिसलं नाही तरी काळ्या फरशीवर तेवढं दिसे. आणि नियम एकच. पांढरं दिसलं की थांबायचं आणि हाक मारायची. ज्याला ऐकू येईल त्यानं काठी घेऊन यायचं, काठीचं एक टोक आपण धरायचं, दुसरं म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्यायचं. हाताला हात नाही.

बायकांना त्यांनी दारात रांगोळी घालायची बंदी केली.

"चार ठिपकं बी न्हाईत?" कुसुमवहिनींनी विचारलं.

"साथ जाईस्तवर एक बी न्हाई. पांढरं म्हंजी थांबा. उगंच पांढरं दिसलं तर माणूस उगंच थांबंल न्हाईतर थांबायचंच सोडंल. दोन्ही वंगाळ."

हे ते बोलले तेव्हा मी तिथंच उभा होतो. दोन्ही कान शाबूत होते.

आक्काची तालीम ते रोज घेत.

"पांढरं दिसलं?"

"दिसलं."

"मग?"

"थांबायचं."

"मग?"

"हाक मारायची."

"आन् कुणी आलं न्हाई तर?"

"तर थांबायचं."

"कवापतुर?"

"कुणी येईस्तवर. आता च्या देतूस का मेल पास करूनच देणार हायस?"

नियम चालला. पुढं पंधरा दिवस गल्लीत कुणी पडलं नाही. शिरूरचं शिबिर मात्र साथीमुळे दिवाळीनंतरवर ढकललं गेलं. आक्काला साथ लागू द्यायची नाही आणि पडू द्यायचं नाही, अशा दोन गोष्टी मामांना आणखी काही महिने सांभाळायच्या होत्या.

आणि मग साथीनं मामांनाच धरलं. सकाळी डोळा चुरचुरतोय म्हटल्यावर ते घरात थांबलेच नाहीत. आक्काच्या भांड्याला हात न लावता, कांबळं घेऊन, लाईनीकडेच्या, रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगच्या मोकळ्या झोपडीत राहायला निघाले. जाताना माझ्या दाराशी आले. तीन हात लांब उभे राहिले.

"गुरुजी, तुम्हाला येऊन गेली. तुम्हाला आता भ्या न्हाई. चार दीस माझी बीट बघा."

"बघतो की मामा."

"सकाळी एक, दुपारी एक. आक्का एकटी हाय. तिची हाक आली की जायाचं. दुसरं काई करू नगा."

आणि काठी माझ्या दाराला टेकवून ठेवली. माझी छाती अशी फुगली, जणू राज्यपालपदाची वस्त्रंच आली. पहिल्या दिवशी मी फेऱ्या अगदी चोख केल्या. काठीनं फरशा वाजवल्या, मान वाकडी करून ऐकल्या. काही कळत नव्हतं, पण पोझ उत्तम जमली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या शिपायानं बातमी आणली की पुण्याहून कुणी मोठे डॉक्टर साथ बघायला येणार आहेत, कदाचित आपल्या गल्लीतही येतील. आता सांगायची गोष्ट म्हणजे, साथ सुरू झाल्यावर मी एक साथ-निवारण मंडळ स्थापन केलं होतं. त्याचा चिटणीस मी, आणि उरलेलं मंडळही मीच. आजवर मंडळानं एक फलक रंगवला होता, त्यात 'निवारण'चा 'ण' पुढच्या ओळीत गेला होता. साथ म्हटली की चुना, गटारं म्हटली की चुना, मोठा माणूस येणार म्हटलं की चुना, हे मी लहानपणापासून पाहत आलेलो. दुसरं काही करू नका, असं मामांनी सांगितलं होतं. पण चुना मारणं हे दुसरं काही आहे, असं मला वाटलंच नाही. चुना तर मामाही मारत होते! मी फक्त जास्त मारणार होतो.

सकाळची फेरी आटोपून मी बादली कालवली. गटाराच्या दोन्ही कडा, मग पायऱ्या, मग ओटे. हात बसला तशी हौस वाढली. मामांचे चार बोटांचे पट्टे मला एकदम कंजूष वाटले. आक्का आत निजली होती. तिचा ओटा मी सबंध पांढरा केला, उंबराही केला, ओट्याखालची गल्लीही केली. मागं सरून पाहिलं तर गल्ली दुधानं धुतल्यासारखी दिसत होती. मग हात धुतले, कपडे बदलले, हार घेतला आणि डॉक्टरांना आणायला स्टेशनवर गेलो.

डॉक्टर आले नाहीत. तीन गाड्या पाहिल्या. मधे चहा घेतला, ओळखीच्या तिकीट कलेक्टरला मंडळाचं कार्य समजावून सांगितलं. दुपारची फेरी मी विसरलो नव्हतो. ती मी पुढं ढकलली होती. विसरलो असतो तर आज थोडं बरं वाटलं असतं.

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आक्काच्या दारासमोर माणसं गोळा झाली होती. हात लावायचा नाही हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात नव्हतं.

काय झालं ते मग तुकड्यातुकड्यांनी कळलं. दुपारी आक्का परसाकडे जायला म्हणून उठली. दाराशी एकदम तोंडावर ऊन आलं, त्यात उंबरा कळला नाही; ओट्यावर पाऊल टाकलं आणि समोर पांढरं दिसलं, म्हणून थांबली. हाक मारली. डावीकडे सरावं म्हटलं तर पांढरं, उजवीकडे पांढरं, मागं वळावं तर उंबराही पांढरा. शेवटची कड कुठली, ते तिला कळायला मार्गच नव्हता. ती उभी राहिली. आधी "गुरुजी" म्हणून हाका मारल्या, कारण बीट माझ्याकडे होती. मग कुसुमवहिनींना. वहिनींचे डोळे आले होते, त्या औषध घालून आत पडल्या होत्या. "हाक आली वो कानावर," त्या नंतर म्हणाल्या, "पण गुरुजीला हाक हाय, गुरुजी जातील, आसं वाटलं." पलीकडून फर्नांडिस साहेबांनी तिला उभं पाहिलं होतं. ती वाऱ्याला उभी आहे असं त्यांना वाटलं. एकदोन माणसं गल्लीतून गेली, त्यांनाही तसंच वाटलं. आक्का तासन् तास उभी होती. सत्तरीची बाई. बसली का नाही, कोण जाणे. बसायचं असं तालमीत नव्हतं. शेवटी पायांनीच सोडलं. उभ्या जागी कोसळली आणि ओट्यावरून खाली गेली. खुबा मोडला.

मामांना निरोप गेला. ते आले तेव्हा डोळे अजून लालभडक, त्यातून पाणी गळत होतं. आक्काला दवाखान्यात नेलं होतं. ते गल्लीच्या तोंडाशी थांबले. मग खाली बसले, बोटानं जमिनीवरचा चुना उचलला, चोळून पाहिला.

"कुणी मारला ह्यो?"

मी समोर उभा होतो. खरं सांगायला तीन शब्द लागले असते. आयुष्यभर बडबड करून पोट भरणाऱ्या माणसाला त्या वेळी ते तीन शब्द सुचले नाहीत.

"वरून माणसं आली होती," मी म्हणालो. "साथीचा चुना मारायला."

मामांनी मान वर केली नाही. माझ्या पायांकडे पाहिलं. मग हातांकडे. मी कपडे बदलले होते, चपला बदलल्या होत्या, साबणानं हात धुतले होते. नखं राहिली होती.

"बरं," मामा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी हा विषय कधीच काढला नाही. बादलीभर पाणी आणि खराटा घेऊन दोन दिवस ते गल्ली घासत होते. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, गुरुजी. तुमची कापडं खराब व्हत्याल."

तेव्हा खुबा मोडलेल्या म्हातारीला पाय ताणून खाटेवर निजवून ठेवायचं, यापलीकडे आमच्याकडे फारसं कुणी काही करत नसे. आक्काला घरी आणून दाराकडे तोंड करून निजवलं. पायाशी वजनाला विटा टांगलेल्या. मामा तिचं सगळं करायचे. कूस बदलायची ती तासातासानं, ठरल्या वेळी. पाठीला जखम होऊ नये म्हणून. हातोडा फिरवलेले ते हात, पण तिला उचलताना चादरीचा आवाज होत नसे.

मी रोज जाऊन बसायचो. न जाणं त्याहून अवघड होतं. एकदा मामा पाणी आणायला गेले असताना आक्का म्हणाली, "कोन, गुरुजी हायत का?"

"हो आक्का."

"गुरुजी, म्या हालले न्हाई बरं का." जणू वर्गात पाढा म्हणून दाखवावा, तसा तिचा आवाज. "सकाराम म्हनंल, आक्कानं घाई केली. तुम्ही सांगा त्येला. पांढरं व्हतं ना सगळीकडं? मग म्या हुबीच ऱ्हायले. एक पाऊल टाकलं न्हाई. सांगितल्यापरमानं केलं का न्हाई म्या?"

"बरोबर केलंत आक्का," मी म्हणालो.

"मग पडले कशी वो?"

याचं उत्तर मला माहीत होतं. मी तिच्या पायाच्या विटा सरळ केल्या.

दसऱ्याच्या आसपास तिला खोकला धरला. छातीत कफ झाला आणि चार दिवसांत ती गेली. शिबिराला महिनाभर होता.

मामा शिबिराला गेले. त्यांनी गल्लीतल्या पाच जणांना एस.टी.नं शिरूरला नेलं, त्यात फर्नांडिस साहेबही होते. मी गावचा म्हणून बरोबर होतो. यादीत आक्काचं नाव तसंच होतं. ते काढायचं काम माझं होतं आणि तेही मी केलेलं नव्हतं. एका स्वयंसेवकानं दोनदा तिचं नाव पुकारलं. मामा बाकावरून उठले, त्याच्याजवळ गेले आणि हळूच काहीतरी बोलले. त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली. मामा परत येऊन बसले आणि पाटलीणबाईंना म्हणाले, "फुडं तुमचा लंबर. सावकाश उठा."

गल्लीत त्यांची फेरी पुन्हा सुरू झाली. मला भेटले की "जयभीम गुरुजी" पूर्वीसारखंच, शाळेची चौकशीही पूर्वीसारखीच. फरक एवढाच की माझ्या दारावरून जाताना ते थांबत नसत. मला नीट ओळखणारं दुसरं कुणी असतं तर त्यानं मला शिव्या दिल्या असत्या आणि मी सुटलो असतो. मामा शिव्या देत नसत. पुढच्या वर्षी मी खटपट करून शिरूरला बदली करून घेतली. लोकांना सांगितलं, आईची तब्येत बरी नसते.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर सहा-सात वर्षांनी, शिरूरच्याच एस.टी. स्टँडवर. मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. एका डोळ्याचं ऑपरेशन करून ते दौंडला परत निघाले होते. डोळ्यावर हिरव्या कापडाची झापड, दुसरा डोळा धुरकट, मांडीवर पिशवी. एकटेच बाकावर बसले होते. फार वाळले होते.

"मामा, जयभीम."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. दिसलं नसावं. मग आवाजाकडे तोंड केलं.

"कोन, गुरुजी? जयभीम, जयभीम. बसा की."

मी बसलो. त्यांनी आईची चौकशी केली, मुलं किती विचारलं. फर्नांडिस साहेब गेले, पाटलीणबाई अजून आहेत, कुसुमवहिनींना नात झाली, असं सगळं सांगितलं. गोड बोलले. मी इतक्या वर्षांत मनाशी शंभरदा घोकलेलं ते वाक्य आता ओठांवर आलं होतं.

"मामा, त्या दिवशी चुना..."

"गाडी लागली वाटतं," मामा म्हणाले आणि उठले.

गाडी खरंच लागली होती. लोक दाराशी रेटारेटी करत होते. स्टँडवर सकाळीच पाणी मारलेलं, पायरी उंच आणि चिखलानं बरबटलेली. गर्दी ओसरेपर्यंत मामा शांतपणे उभे राहिले. मी त्यांची पिशवी घ्यायला गेलो, ती त्यांनी दुसऱ्या हातात घेतली. मी त्यांच्यापुढे हात केला. अगदी जवळ, त्या धुरकट डोळ्यालाही दिसेल इतका जवळ.

"या मामा, धरा. पायरी निसरडी आहे."

माझ्या हाताच्या वरून मामांनी दाराकडे तोंड केलं आणि आत उभ्या असलेल्या, उभ्या जन्मात कधी न पाहिलेल्या माणसाला म्हणाले,

"कंडक्टर, जरा हात द्या वो."